ग्रुपवर हजेरी, हक्कांची गैरहजेरी

पालघर जिल्ह्यातल्या वरोर, चिंचणी, वाणगाव या पट्ट्यातून बोईसरच्या कारखान्यांत जाणाऱ्या कंत्राटी कामगाराकडे नेमणूकपत्र मागितले, तर तो बहुधा ठेकेदाराचे नाव सांगेल. पगारपावती मागितली, तर बँकेचा एसएमएस दाखवेल. व्हॉट्सॲपचा ग्रुप मात्र त्याच्या मोबाइलमध्ये सगळ्यात वर असतो. उद्या कोणती पाळी, कुणाला जादा थांबायचे, गाडी कुठल्या नाक्यावर किती वाजता येणार, कुणाच्या गेटपासची मुदत संपली, सगळे तिथेच. रात्री साडेदहाला 'उद्या फर्स्ट शिफ्टला दोन माणसे कमी आहेत, कोण येणार?' असा मेसेज पडतो आणि खाली 'ओके सर'ची रांग लागते. ज्याने 'ओके' लिहिले नाही त्याचे नाव सुपरवायझरच्या लक्षात राहते.

या कामगारासाठी देशाचा कायदा नुकताच मुळापासून बदलला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. एक २०१९ ची वेतन संहिता. बाकीच्या तीन, म्हणजे औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा-आरोग्य, २०२० च्या. जुने २९ कायदे त्यांच्यात विलीन झाले. किमान वेतन, ग्रॅच्युइटी, रात्रपाळी, संप, कामगार कपात, ॲपवर काम करणाऱ्यांची सामाजिक सुरक्षा असे बरेच काही त्यांत आहे. नोंदवह्या संगणकावर ठेवायची मुभा आहे, विवरणपत्रे ऑनलाइन भरायची सोय आहे. पण कामगाराने फेसबुकवर काय लिहिले तर नोकरी जाऊ शकते, मालकाने त्याच्या मोबाइलमध्ये कुठवर डोकवावे आणि पाळी सुटल्यावर आलेल्या मेसेजला उत्तर देणे हे काम धरायचे की नाही, याबद्दल चारही संहिता गप्प आहेत.

हे मौन महाराष्ट्र सरकारला दिल्लीकडे न पाहता मोडता येईल. तशी जागा या संहितांनीच ठेवलेली आहे.

सोशल मीडिया आणि कायदा हा विषय पालघरला नवा नाही. देशातला या विषयावरचा सर्वांत गाजलेला निकाल याच मातीतून उगवला. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्याला 'लाइक' केले. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. पोलिसांनी दोघींनाही अटक केली आणि पोस्ट लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली. पुढे पोलीस अधिकारी निलंबित झाले, प्रकरण मागे पडले, पण प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पोहोचला होता. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीच्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी न्या. जे. चेलमेश्वर आणि न्या. रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ घटनाबाह्य ठरवले.

त्या निकालाने नागरिकाला सरकारपासून वाचवले. नोकराला मालकापासून वाचवणे हे त्या खटल्याचे कामच नव्हते. चार ओळींच्या पोस्टवरून पोलीस ६६अ लावून घरी येऊ शकत नाहीत, हे खरे. पण त्याच चार ओळींवरून दुसऱ्या दिवशी गेटवर अडवले, तर दाद मागायची कशाच्या आधारे? घटनेचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य मुख्यतः सरकारविरुद्ध चालते. खासगी कारखान्याच्या गेटवर कामगाराला लागतो तो कामगार कायदा.

तिथे न्यायालये काय म्हणतात, याचे एक उदाहरण मुंबई उच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२३ च्या निकालात आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या हिताची ॲस्टेमो फाय या कंपनीत वेतनकराराची बोलणी अडली होती. त्या काळात एका कामगाराने फेसबुकवर व्यवस्थापनाविरुद्ध पोस्ट टाकल्या. कंपनीने चौकशी करून त्याला काढले. कामगार न्यायालयाचा निष्कर्ष कामगाराच्या बाजूने लागला. पोस्टमुळे प्रत्यक्षात काही अघटित घडले नव्हते, हा मुद्दा त्यात होता. न्या. मिलिंद जाधव यांनी तो निष्कर्ष रद्द केला. बोलण्याच्या स्वातंत्र्यालाही वाजवीपणाची मर्यादा असते आणि परिणाम घडेपर्यंत थांबण्याची सक्ती मालकावर करता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

निकालात तथ्य आहे. वेतनाची बोलणी तापलेली असताना अधिकाऱ्यांविरुद्ध चिथावणी देणारा मजकूर शेकडो सहकाऱ्यांच्या हातात पडला, तर कारखान्यात काहीही होऊ शकते. पण या प्रकरणात कामगाराला निदान आरोपपत्र मिळाले, चौकशी झाली, कामगार न्यायालय मिळाले, उच्च न्यायालयात बाजू मांडता आली. हरला, पण लढून हरला. बोईसर-तारापूरच्या छोट्या रासायनिक कारखान्यात ठेकेदारामार्फत काम करणाऱ्याला यांतले काय मिळेल?

याचे उत्तर एका आकड्यात आहे: ३००. कारखान्यातली शिस्त, गैरवर्तनाची व्याख्या, चौकशीची पद्धत, निलंबनकाळातला निर्वाहभत्ता हे सगळे ज्या दस्तऐवजात लिहिलेले असते त्याला स्थायी आदेश म्हणतात. जुन्या केंद्रीय कायद्यात १०० कामगारांपासून ते बंधनकारक होते. महाराष्ट्राने तो आकडा ५० वर आणला होता. नव्या औद्योगिक संबंध संहितेत तो ३०० झाला. निलंबित कामगाराला पहिले ९० दिवस निम्मा पगार आणि त्यानंतर विलंब त्याच्यामुळे नसेल तर पाऊण पगार, चौकशी ९० दिवसांत पूर्ण, ही चांगली तरतूद संहितेत आहे. पण ती ज्या प्रकरणात आहे त्याचा उंबरठाच ३०० चा. तारापूर औद्योगिक वसाहत ही छोट्या-मध्यम रासायनिक, औषधी, कापड आणि अभियांत्रिकी कारखान्यांची वसाहत आहे. तिथले किती कारखाने हा उंबरठा ओलांडतील, हे बोईसरच्या कुठल्याही जुन्या कामगाराला ठाऊक आहे. चिंचणी-वरोर भागात सोन्याच्या दागिन्यांच्या डाय बनवणारे कारागीर आहेत. त्यांच्या घरगुती कारखान्यांपर्यंत तर ही चर्चाच पोहोचत नाही.

म्हणजे जिथे कामगार जास्त, तिथे सोशल मीडियाचे नियम लेखी असतील आणि त्यांवर भांडता येईल. जिथे कामगार कमी, तिथे नियम सुपरवायझरच्या तोंडी असेल आणि तो दर आठवड्याला बदलेल.

मुदतबंद नोकरीने यात आणखी एक पेच घातला आहे. संहितेने या नोकरीला पक्के स्थान दिले. एक वर्षाच्या सेवेवर ग्रॅच्युइटी दिली, हे स्वागतार्हच. मात्र करार संपला की त्याचे नूतनीकरण न करणे म्हणजे कपात नव्हे. ज्या कामगाराने कँटीनच्या जेवणाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला, त्याला काढण्याची गरजच पडत नाही. 'मुदत संपली' हे दोन शब्द पुरतात. ना आरोप, ना चौकशी, ना दाद.

संपाच्या नव्या व्याख्येकडेही मोबाइल हातात धरूनच पाहायला हवे. एखाद्या दिवशी निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी संगनमताने नैमित्तिक रजा घेतली, तर आता तो संप ठरतो. संपासाठी आधी नोटीस लागते. बेकायदा संपाला चिथावणी देणाऱ्याला दंड आणि कैद अशा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. पूर्वी गेटवरच्या सभेत कोण काय बोलले याचे साक्षीदार शोधावे लागत. आता 'उद्या सगळ्यांनी सुट्टी टाका' हा एका ओळीचा मेसेज नाव, नंबर आणि वेळेसह कायमचा पुरावा होऊन बसतो. किनाऱ्यावरच्या गावांत नारळी पौर्णिमेला कामावर कोण जातो? त्या दिवशीच्या रजेसाठी ग्रुपवर झालेली थट्टामस्करी आणि पगारासाठी आखलेला बंद यांत फरक करण्याची जबाबदारी शेवटी कुणाची, हे आधीच लिहिलेले बरे.

सरकारी नोकरांच्या बाबतीत निदान मौन तरी नाही. महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने २८ जुलै २०२५ रोजी समाजमाध्यमांच्या वापराबद्दल शासन निर्णय काढला. डहाणू-तलासरीसारख्या भागात पगारी नोकरी म्हणजे बऱ्याचदा जिल्हा परिषदेची शाळा, आरोग्य केंद्र, पंचायत समिती किंवा वन विभाग. त्यामुळे हा निर्णय इथल्या असंख्य घरांना लागू आहे. स्थानिक स्वराज्य संस्था, मंडळे, महामंडळे, इतकेच काय कंत्राटी कर्मचारीही त्याच्या कक्षेत आहेत. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, बंदी असलेली ॲप वापरू नका, गोपनीय कागद पूर्वपरवानगीशिवाय टाकू नका, बदली झाली की कार्यालयीन खाते पुढच्याच्या स्वाधीन करा. यात वावगे काहीच नाही. गणवेशात, सरकारी गाडीत, कार्यालयाच्या इमारतीत केलेल्या रील वैयक्तिक खात्यावर नकोत, हेही समजण्यासारखे आहे. बाहेर रुग्णांची रांग लागलेली असताना आत रील चाललेली कुणाला आवडेल?

खटकते ते पुढचे. शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नये, असेही हा निर्णय बजावतो. योजनेचे यश सांगायला मात्र मुभा आहे, स्वतःची टिमकी वाजवली नाही म्हणजे झाले. मग शाळेत शिक्षक कमी आहेत असे शिक्षकाने लिहिले, तर ती धोरणावरची टीका की वस्तुस्थिती? उपकेंद्रात सर्पदंशाची लस संपली असे परिचारिकेने गावच्या ग्रुपवर कळवले, तर ते गोपनीयतेचे उल्लंघन की रुग्णाचा जीव वाचवणे? शासन निर्णय हे ठरवत नाही. ठरवतो तो वरिष्ठ, आणि बऱ्याचदा तीच पोस्ट त्याला अडचणीची असते.

सरकारी नोकरी पत्करली म्हणजे मूलभूत हक्क गहाण टाकले असे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सांगितले. तेव्हा निदर्शनांवरची सरसकट बंदी न्यायालयाने फेटाळली होती. त्रिपुरातील मत्स्य विभागाच्या एका कर्मचारी महिलेला निवृत्तीला चार दिवस उरले असताना निलंबित केले गेले. आरोप होता राजकीय सभेला हजर राहिल्याचा आणि फेसबुकवर मजकूर टाकल्याचा. जानेवारी २०२० मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायाधीश अकील कुरेशी यांनी ती कारवाई टिकू दिली नाही. आचारसंहितेच्या मर्यादेत राहून मत मांडण्याचा हक्क सरकारी नोकरालाही आहे, हे त्यांनी स्पष्ट केले. महाराष्ट्राच्या शासन निर्णयाने ही रेघ ओळखून टीका आणि बदनामी यांत भेद केला असता, तर तो अधिक टिकाऊ झाला असता.

सर्वांत नाजूक प्रश्न जिवाचा आहे. २१ ऑगस्ट २०२५ रोजी तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात वायुगळतीने चार कामगारांचा बळी घेतला. अशा दुर्घटनांची या वसाहतीला सवय झाली आहे, असे म्हणण्याची वेळ यावी हेच वाईट. प्रत्येक वेळी नंतर बोलले जाते, की धोका आधीपासून दिसत होता. दिसतो कुणाला? जो रिॲक्टरपाशी उभा असतो त्याला. व्यावसायिक सुरक्षा संहितेने त्याला एक चांगला हक्क दिला आहे. गंभीर इजेचा किंवा मृत्यूचा धोका समोर दिसत असेल, तर कामगार थेट किंवा सुरक्षा समितीमार्फत मालकाला कळवू शकतो आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकतो.

कळवायचे कशाने? कागदी अर्ज लिहून तो ठाण्या-पालघरच्या कार्यालयात न्यायला गळका व्हॉल्व्ह थांबत नाही. कामगाराच्या हातात आहे तो मोबाइल, आणि पुष्कळ कारखान्यांत आत मोबाइल नेऊच देत नाहीत. ज्वलनशील द्रावक जिथे असते तिथे ही बंदी योग्यच आहे. ठिणगीला तेवढेही पुरते. पण मग गेटबाहेर येऊन कामगाराने निरीक्षकाच्या नंबरवर फोटो पाठवला, तर त्याला संरक्षण हवे. निरीक्षकाने दखल घेतली नाही आणि व्हिडिओ गावभर फिरला, तर तो फिरवणाऱ्याकडे आधी गुन्हेगार म्हणून पाहायचे की साक्षीदार म्हणून? सरकारी भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांसाठी २०१४ चा जागल्या संरक्षण कायदा निदान कागदावर आहे. खासगी कारखान्यातल्या धोक्याबद्दल बोलणाऱ्यासाठी तेवढाही नाही.

अमेरिकेत हा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. तिथे १९३५ चा कामगार कायदा सहकाऱ्यांनी कामाच्या परिस्थितीबद्दल एकमेकांशी केलेल्या बोलण्याला संरक्षण देतो. कनेक्टिकटमधील एका रुग्णवाहिका कंपनीने वरिष्ठाबद्दल फेसबुकवर कडवट लिहिणाऱ्या महिलेला काढले, तेव्हा तिथल्या राष्ट्रीय कामगार मंडळाने २०१० मध्ये कंपनीवरच तक्रार दाखल केली. २०११ च्या सुरुवातीला तडजोड झाली आणि कंपनीने आपले जाचक सोशल मीडिया धोरण बदलण्याचे मान्य केले. चहाच्या टपरीवरचे बोलणे जर हक्काचे असेल, तर तेच बोलणे पडद्यावर आले म्हणून गुन्हा होत नाही, इतका साधा तो विचार होता.

वेळेचा प्रश्नही असाच मोकळा पडला आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ वर आणि तिमाहीतील जादा कामाची मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, जादा कामाला दुप्पट दर आहे, कामगाराची लेखी संमती लागणार आहे. कागदावर हिशेब चोख. पण ती संमती ग्रुपवर 'कोण थांबणार?' विचारून घेतलेली चालेल का? आणि घरी जेवताना आलेल्या मेसेजला उत्तर देण्यात गेलेला वेळ कुठल्या खात्यात मांडायचा?

बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क मागणारे विधेयक डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. ते खासगी विधेयक आहे, आणि संसदेने शेवटचे खासगी विधेयक संमत केले ते १९७० मध्ये. मधल्या काळात, २०२४ मध्ये, पुण्यात एका बड्या सल्लागार कंपनीतल्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. कामाच्या ताणाबद्दल तिच्या आईने लिहिलेल्या पत्राने देश हादरला. ते पत्रही सोशल मीडियावरूनच सगळ्यांपर्यंत पोहोचले. फ्रान्सने २०१७ पासून असा हक्क दिला, ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ पासून. त्यांचे कारखाने त्यामुळे बंद पडले नाहीत.

पाळत हा याच प्रश्नाचा दुसरा चेहरा. रोजगार हमीच्या कामावर दिवसातून दोनदा मजुरांचे फोटो ॲपवर चढवण्याची सक्ती २०२३ पासून झाली. तलासरी, डहाणूच्या डोंगरपाड्यांत जिथे रेंज शोधायला टेकडी चढावी लागते, तिथे हजेरी नेटवर्कच्या मर्जीवर गेली. अंगणवाडी सेविकांना पोषण ट्रॅकर भरायला दिलेले मोबाइल तापत, अडत, ॲप इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते मोबाइल सरकारला परत केले. देशात ॲपच्या विरोधात झालेल्या कामगार आंदोलनांत त्या आंदोलनाची नोंद ठळक अक्षरांत व्हायला हवी.

खासगी माहितीच्या रक्षणासाठी २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि मुख्य तरतुदींना दीड वर्षाची मुदत दिली गेली. पण त्यातही नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीविना वापरण्याची वाट मालकाला मोकळी आहे. ती किती रुंद, हे न्यायालये ठरवतील. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये रुमानियातील एका अभियंत्याच्या खटल्यात याहून काटेकोर भूमिका घेतली. याहू मेसेंजरवर खासगी निरोप पाठवले म्हणून त्याला काढले होते. संदेश तपासले जातील, आणि कुठवर तपासले जातील, हे आधी सांगितले होते का, हा न्यायालयाचा पहिला सवाल होता. आपल्याकडे हा सवाल अजून कुणी विचारतच नाही.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. कामाच्या ग्रुपवर महिला सहकाऱ्याला उद्देशून अश्लील विनोद टाकणाऱ्याला पाठीशी घालता येणार नाही. २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंध कायदा दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती मागतो आणि त्याखालच्या आस्थापनांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. औषधाचे सूत्र, ग्राहकाची यादी, यंत्राचा आराखडा बाहेर गेला तर मालकाने गप्प बसावे असे कोण म्हणेल? ग्रुपचा ॲडमिन असणे हाच गुन्हा ठरत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या प्रकरणात सांगून ठेवले आहे. सदस्याने टाकलेल्या मजकुराला ॲडमिन आपोआप जबाबदार नाही. सुपरवायझरलाही त्याचा आधार आहे. स्पष्ट नियम दोघांच्याही सोयीचे आहेत. धूसर नियम फक्त बलवानाच्या सोयीचे असतात.

आता संहितांनी राज्यासाठी ठेवलेल्या त्या मोकळ्या जागेबद्दल. व्यावसायिक सुरक्षा संहिता दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे बंधनकारक करते. त्या पत्राचा नमुना आणि त्यात काय लिहायचे, हे नियमांनी ठरते; कारखाने आणि दुकाने यांसाठी ते नियम राज्य सरकारचे. म्हणजे स्थायी आदेशांचा ३०० चा उंबरठा जिथे कामगाराला बाहेर ठेवतो, तिथे दहाचा उंबरठा त्याला आत घेतो. महाराष्ट्राने या नमुन्यात मोबाइलचे एक कलम घालावे. त्यात चार गोष्टी पुरेत.

पहिली, कामाच्या ग्रुपवर कोणते निरोप बंधनकारक आणि कोणत्या वेळेत. त्या वेळेबाहेर उत्तर न दिल्यास कारवाई नाही, आणि बोलावून घेतलेले काम जादा कामात धरले जाईल. दुसरी, सोशल मीडियावर नेमके काय चालणार नाही याची छोटी, मोजकी यादी: गुपिते, धमकी, लैंगिक किंवा जातीय शेरेबाजी. पगार, पाळी, जेवण, सुरक्षा याबद्दलचे बोलणे त्या यादीत येणार नाही. तिसरी, पोस्टवरून कारवाई करायची असेल तर लेखी कारण आणि उत्तराची संधी, ठेकेदाराच्या कामगारालाही. चौथी, धोक्याची माहिती किंवा फोटो निरीक्षकाला पाठवणाऱ्याला त्या कारणासाठी काढता येणार नाही, आणि निरीक्षकाचा व्हॉट्सॲप नंबर नेमणूकपत्रावरच छापलेला असेल.

यासाठी संसदेत बहुमत लागत नाही, खजिन्यातून पैसा लागत नाही. एक मसुदा, हरकती-सूचनांची मुदत आणि एक अधिसूचना पुरते.

वेळही हीच आहे. वरोरला लागून वाढवण बंदर उभे राहत आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६ हजार कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली, ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये त्याची पायाभरणी झाली. मच्छीमारांचा विरोध अनेक वर्षांचा आहे आणि तो संपलेला नाही. डोलीच्या जाळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या घरांना त्या बदल्यात सरकार नोकऱ्यांचा आकडा दाखवते. प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून १२ लाख, असा दावा आहे. आकडा खरा ठरो वा न ठरो, ज्या नोकऱ्या येतील त्यांतल्या पुष्कळ ठेकेदारामार्फत असतील, भरती मोबाइलवर होईल आणि हजेरी ॲपवर लागेल. कंत्राटी कामगारांबाबतच्या तरतुदींचा उंबरठाही जुन्या केंद्रीय कायद्यातल्या २० वरून नव्या संहितेत ५० वर गेला आहे. समुद्र सोडून गेटमध्ये शिरणाऱ्या पहिल्या पिढीला नोकरीचे नियम ग्रुपवरच्या फॉरवर्डमधून कळणार असतील, तर ती सरकारची नामुष्की ठरेल.

राज्याच्या कामगार विभागाने नेमणूकपत्राचा नमुना ठरवताना हे कलम घ्यावे, आणि पालघरच्या आमदारांनी, खासदारांनी, बंदराच्या बाजूच्या आणि विरोधातल्या दोन्ही संघटनांनी ते मागावे. तोवर वरोर-चिंचणीच्या कामगारांना एवढेच सांगणे आहे: संहिता लागू झाल्यामुळे जुन्या कामगारालाही नेमणूकपत्र मागण्याचा हक्क मिळाला आहे. ठेकेदाराकडे ते लेखी मागा. तोंडी नकार आला तर ग्रुपवर भांडू नका; त्याच व्हॉट्सॲपवर साध्या शब्दांत मागणी लिहून पाठवा आणि तो मेसेज जपून ठेवा. उद्या दाद मागताना तोच तुमचा कागद असेल.